रांगेत अडकलेलं पत्र शोधताना: 'एक्झिक्यूग्रेप' नावाच्या अवजाराची गोष्ट

आजचा भाग जरा आडवाटेचा आहे. ईमेलचा इतिहास म्हटला की रे टॉमलिन्सन, ते ॲटचं चिन्ह आणि १९७१ साल, एवढं हमखास येतं. पाठवणारा कोण, मिळवणारा कोण, हेही येतं. पण या दोघांच्या मधे पत्र जिथे थांबतं त्या जागेबद्दल कुणी फारसं बोलत नाही. त्या जागेला क्यू म्हणतात. आपली साधी रांग. आणि त्या रांगेत नेमकं एक पत्र शोधून काढणारं जे छोटं अवजार आहे, त्याची गोष्ट मला आज सांगायची आहे.

अवजाराचं नाव 'एक्झिक्यूग्रेप'. म्हणायलाच जीभ अडखळते. पण ज्यांनी सर्व्हर सांभाळलेत त्यांच्या बोटांना हे नाव तोंडपाठ असतं. पर्ल भाषेत लिहिलेली छोटीशी स्क्रिप्ट आहे ही, ना चित्रं ना बटणं. काळ्या पडद्यावर टाइप करायचं आणि उत्तर वाचायचं.

आधी रांग का लागते ते बघू. तुम्ही 'सेंड' दाबलंत की पत्र थेट समोरच्याच्या पेटीत जाऊन पडतं असं वाटतं, पण तसं होत नाही. तुमचा सर्व्हर ते स्वतःकडे घेतो, 'मिळालं' असं सांगतो आणि मग पुढच्या सर्व्हरशी बोलायला जातो. ऑगस्ट १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी लिहिलेल्या आरएफसी ८२१ मध्ये हा संवाद बांधून दिला आहे. त्यात एक गोष्ट महत्त्वाची. एकदा सर्व्हरने 'मिळालं' म्हटलं की त्या पत्राची जबाबदारी त्याची. पुढचा सर्व्हर बंद असेल, बिझी असेल, 'नंतर या' म्हणाला असेल, तरी पत्र टाकून देता येत नाही. ते डिस्कवर ठेवायचं आणि पुन्हा प्रयत्न करायचा. किती दिवस? ऑक्टोबर १९८९ च्या आरएफसी ११२३ ने सांगितलं की निदान चार-पाच दिवस तरी हार मानू नका. आज आपण ज्याच्याबद्दल बोलतोय त्या एक्झिम सर्व्हरची कॉन्फिग फाइल बघाल तर मूळ नियम असा आहे: पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी, मग एक तासापासून सुरू करून दर वेळी दीडपट अंतर वाढवत सोळा तासांपर्यंत, आणि नंतर दर सहा तासांनी, चार दिवस पुरे होईपर्यंत. आमच्या लहानपणी तार घेऊन येणारा माणूस कुलूप दिसलं की शेजारी विचारून परत यायचा, त्यातलाच प्रकार. फक्त हा चार दिवस येत राहतो.

तर रांग म्हणजे डिस्कवरच्या फायलींचा ढीग. कॅलिफोर्नियात बर्कलीला एरिक ऑलमन यांनी आधी 'डिलिव्हरमेल' लिहिलं, ते १९७९ च्या सुमाराला. त्यातूनच 'सेंडमेल' झालं आणि १९८३ मध्ये बीएसडी युनिक्सबरोबर बाहेर पडलं. सेंडमेलची रांग एका डिरेक्टरीत असायची. प्रत्येक पत्राच्या दोन मुख्य फायली, एकीत मजकूर आणि दुसरीत पाकिटावरची माहिती. पाठवणारा कोण, कुणाला जायचंय, कधी आलं, वगैरे. ही रांग डोळ्यांनी बघता यावी म्हणून 'मेलक्यू' अशी आज्ञा होती. खरं तर तो वेगळा प्रोग्राम नव्हताच. सेंडमेललाच दुसरं नाव लावलेलं. त्याला 'मेलक्यू' म्हणून हाक मारली की तो पत्र पाठवायचं सोडून रांग छापून दाखवायचा. हे नाव इतकं रुळलं की पुढे जे जे मेल सर्व्हर आले त्यांनी ते उचललं. सेंडमेल कधीच न लावलेल्या मशीनवरही आज 'मेलक्यू' टाइप केलं तर बहुतेक वेळा काहीतरी उत्तर येतं.

आता या छापील यादीकडे नीट बघा, कारण आजच्या गोष्टीचा सगळा गुंता इथेच आहे. ही यादी माणसाने वाचायची म्हणून केलेली होती. सकाळी येऊन ॲडमिनने नजर टाकावी, पाच-दहा पत्रं दिसावीत, 'हं, अमुक सर्व्हर पडलाय वाटतं' म्हणावं आणि चहाला जावं. एवढ्यासाठी.

१९९५ साली केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक विभागात फिलिप हेझल यांनी एक्झिम लिहायला घेतलं. नावाचा अर्थ 'प्रायोगिक इंटरनेट मेलर'. हा प्रयोग इतका टिकला की डेबियन लिनक्सने वर्षानुवर्षं तो मूळ मेल सर्व्हर म्हणून दिला, आणि वेब होस्टिंगच्या धंद्यात घराघरात असलेल्या सीपॅनेलखालीही तोच चालतो. हेझलसाहेबांबद्दल एक आडवी गोष्ट सांगतो. एक्झिमसाठी त्यांना चांगलं रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे मजकुरातला नमुना ओळखणारं यंत्र हवं होतं. मनासारखं मिळेना म्हणून १९९७ मध्ये त्यांनी स्वतःच एक लिहिलं. त्याचं नाव पीसीआरई. पुढे पीएचपी, अपाचे, एनजिनएक्स अशा कितीतरी ठिकाणी ते गेलं. ईमेल कधी न पाठवणारा प्रोग्रामही हेझल यांच्या त्या गरजेचं फळ खातोय.

एक्झिमलाही 'मेलक्यू' म्हणून हाक मारता येते. त्याची स्वतःची आज्ञा 'बीपी' या पर्यायाने दिली जाते. उत्तरात प्रत्येक पत्राची एक ओळ येते: पत्र किती वेळ पडून आहे, आकार, ओळखक्रमांक, आणि कोनी कंसात पाठवणाऱ्याचा पत्ता. खालच्या ओळींत ज्यांना जायचंय त्यांचे पत्ते. पत्र गोठवलेलं असेल तर तारे काढून 'फ्रोझन' लिहिलेलं. 'बीपीयू' म्हटलं तर ज्यांना पत्र पोचलंय त्यांची नावं गाळून फक्त राहिलेल्यांची दाखवतं. सुटसुटीत आहे सगळं. वेळसुद्धा माणसाला कळेल अशी गोलमटोल: दीड तासापर्यंत मिनिटं, मग बहात्तर तासांपर्यंत तास, आणि त्यापुढे दिवस.

पण मग जमाना बदलला. एका सर्व्हरवर शेकडो वेबसाइट आल्या. प्रत्येकीचा 'संपर्क करा' फॉर्म. त्यातल्या एकाला कुणी तरी भोक पाडलं की रात्रीत हजारो पत्रं रांगेत. आता नजर टाकून काय होणार? शोधावं लागणार. आणि युनिक्सच्या माणसाला शोधायचं म्हटलं की एकच शब्द सुचतो, ग्रेप. केन थॉम्पसन यांनी १९७३ च्या सुमाराला 'एड' या संपादकातून वेगळी काढलेली आज्ञा. नुसतं ग्रेप मात्र इथे पुरत नाही, कारण ते ओळ शोधतं आणि रांगेतलं एक पत्र अनेक ओळींचं असतं. पाठवणारा एका ओळीवर, घेणारा तिसऱ्या ओळीवर. घेणारा सापडला तरी ओळखक्रमांक हाती लागत नाही.

हेच काम करायला एक्झिक्यूग्रेप आलं. एक्झिमची हस्तपुस्तिका सांगते की ही स्क्रिप्ट मॅट हबर्ड यांनी दिलेली देणगी आहे. म्हणजे मूळ लेखकाने योजलेला भाग नव्हे. कुणा वापरणाऱ्याला गरज पडली, त्याने लिहिलं, पाठवलं, आणि ते मूळ संचात सामील झालं. बाहेरून आलेली सून घरची होते तसं.

ते करतं काय? एक्झिमला 'बीपीयू' म्हणून रांग छापायला सांगतं आणि आलेला मजकूर स्वतः वाचतं. पाठवणाऱ्यावरून शोधा, घेणाऱ्यावरून शोधा, इतक्या सेकंदांपेक्षा जुनी दाखवा, फक्त गोठलेली दाखवा, फक्त ओळखक्रमांक द्या, नुसतं मोजा. पत्राचं वय मात्र ते त्या गोलमटोल आकड्यावरून धरत नाही, आणि हे मला फार आवडतं. एक्झिमच्या ओळखक्रमांकाची पहिली सहा अक्षरं म्हणजे पत्र आलं ती वेळ. अंक, मोठी आणि लहान रोमन अक्षरं मिळून ६२ चिन्हांच्या पद्धतीत लिहिलेली. पोस्टाच्या शिक्क्यासारखीच. स्क्रिप्ट तो शिक्का वाचते आणि सेकंदात वय काढते.

आणखी एक बारकावा. पाठवणाऱ्याचा पत्ता तपासताना ते कोनी कंसही मजकुरात धरले जातात. त्यामुळे रिकामे कंस शोधले की सगळी बाउन्स पत्रं, म्हणजे 'तुमचं पत्र पोचलं नाही' असं सांगणारी परतीची पत्रं मिळतात, कारण त्यांना पाठवणाराच नसतो. आणि 'राम' या पत्त्यावरून आलेलं शोधायचं असेल तर कंसासकट शोधावं, नाहीतर 'श्रीराम'सुद्धा हाताला लागतो. ऐकायला गंमत वाटते. पण या आज्ञेच्या पुढे पाइप लावून माणसं पत्रं पुसून टाकतात, हे ध्यानात घ्या. गोठलेल्यांचे क्रमांक काढ आणि सरळ पुसणाऱ्या आज्ञेला दे, ही एका ओळीची कृती होस्टिंगच्या जगात आजीच्या काढ्यासारखी हातोहात फिरते.

मी काही वर्षं पुण्यात एका होस्टिंग कंपनीत रात्रपाळी केली आहे. इचलकरंजीच्या एका सूत व्यापाऱ्याचा फोन आला होता. टेंडरचं पत्र काल संध्याकाळी पाठवलंय, दुपारी तीनची मुदत आहे, समोरचे म्हणतात मिळालंच नाही. त्याच सर्व्हरवरच्या दुसऱ्या कुणाच्या तरी फॉर्ममधून कचरा सुटला होता आणि रांग तुडुंब भरली होती. सगळी रांग साफ करा, हा सोपा उपाय समोर होता. आमचे सीनियर, त्यांना आम्ही सगळे दादा म्हणायचो, ते म्हणाले, "आधी मोज. कुणाचं काय पडलंय ते बघ, मग हात लाव." मोजायचा पर्याय दिला की एक्झिक्यूग्रेप एका ओळीत सांगतं, इतक्या पत्रांपैकी इतकी जुळली. व्यापाऱ्याच्या नावाने एकच जुळलं. ते वेगळं काढून आधी पुढे ढकललं, मग कचरा उपसला. सकाळी त्यांचा फोन आला, "मिळालं म्हणतायत. तुम्ही केलं काय नेमकं?" दादा म्हणाले, "शोधलं."

आता मूळ मुद्द्याकडे येतो. हे अवजार सांभाळायचं म्हणजे काय? बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, दोनशे-तीनशे ओळींची स्क्रिप्ट, एकदा लिहिली की झालं. पण तिचा सगळा जीव दुसऱ्या प्रोग्रामच्या छापील मजकुरात अडकलाय. एक्झिमने वयानंतर एक जागा जास्त सोडली, आकार लिहायची पद्धत बदलली, की इकडे नमुना जुळत नाही. ही यादी माणसासाठी होती म्हटलं ना? तिचं करारपत्रात रूपांतर झालं, आणि तो करार कुणी कुठे लिहून ठेवलेला नाही.

जुळलं नाही तर काय करायचं, हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा अवघड आहे. डिस्क भरली किंवा मशीन अचानक बंद पडलं की रांगेत एखादं अर्धवट लिहिलेलं पत्र राहतं. एक्झिम त्याच्यापुढे 'स्पूल फॉरमॅट एरर' असं छापतो. पाठवणाऱ्याचा कंस तिथे नसतोच. मग एक्झिक्यूग्रेप 'लाइन मिसमॅच' म्हणून तिथेच थांबायचं. हजार चांगली पत्रं आणि एक मोडकं, आणि त्या एकापायी सगळा शोध बंद. रात्री दोन वाजता हे दिसलं की माणूस शिव्या घालतो. पण दुसरी बाजू बघा. न कळलेली ओळ गुपचूप गाळली असती तर? 'काही सापडलं नाही' असं उत्तर आलं असतं, आणि रांग रिकामी समजून कुणीतरी झोपायला गेलं असतं. मला विचाराल तर ओरडून थांबणारं अवजार बरं. सगळ्यांना पटेलच असं नाही.

सर्व्हर वाढत जातो तसं अवजारालाही वाढावं लागतं. एक्झिममध्ये नाव दिलेल्या वेगवेगळ्या रांगा ठेवायची सोय आली. जुनं एक्झिक्यूग्रेप बिचारं मुख्य रांगच बघणार. म्हणून रांगेचं नाव सांगायचा पर्याय आला, वेगळी कॉन्फिग फाइल सांगायचा पर्यायही आहे. यातली कुठलीच गोष्ट बातमीत येत नाही. बदलांच्या यादीत एक ओळ येते, बस.

याच संचात 'एक्झिपिक' नावाचं एक भावंडं आहे, तेही वापरणाऱ्यांपैकी एकाने, जॉन जेटमोर यांनी दिलेलं. त्याचा मार्ग निराळा. ते छापील यादीच्या भरवशावर राहत नाही, थेट डिस्कवरच्या फायली उघडून वाचतं. त्यामुळे विषय, हेडर, कुठून आलं, कितीतरी गोष्टींवरून शोधता येतं. एक खिडकीतून डोकावतं, दुसरं घरात शिरतं. पण घरात शिरणाऱ्याला आतली मांडणी पाठ लागते. फायलींची रचना बदलली की एक्झिपिकला काम पडतं, छपाई बदलली की एक्झिक्यूग्रेपला. सुटका दोघांनाही नाही.

वीट्झे व्हेनेमा यांनी आयबीएमच्या संशोधन केंद्रात लिहिलेलं पोस्टफिक्स १९९८ च्या डिसेंबरात आलं. त्याची यादीही आधी सेंडमेलच्या वळणाचीच, तीही सगळे असंच ओरबाडून वाचायचे. २०१६ मध्ये, ३.१ आवृत्तीत, त्यांनी रांग जेसनमध्ये छापायची सोय केली. म्हणजे माणसासाठी वेगळी यादी आणि प्रोग्रामसाठी वेगळी. शहाणपणाचं काम. फक्त ते व्हायला सतरा वर्षं लागली, आणि तोवर जगभर लिहिलेल्या स्क्रिप्ट जुन्याच यादीवर चालू होत्या. त्या काही एका दिवसात बदलत नाहीत.

अवजार कशासाठी लागतं याचं एक मोठं उदाहरण २०१९ च्या जूनमधलं. क्वालिस या कंपनीने एक्झिममधलं एक भयंकर भोक जाहीर केलं, ४.८७ ते ४.९१ या आवृत्त्यांमधलं. घेणाऱ्याच्या पत्त्याच्या जागी 'हे चालव' अशी आज्ञा लिहून पत्र पाठवायचं, आणि सर्व्हर ती खरोखर चालवणार, तीही बहुतेक मशीनवर सर्वोच्च अधिकाराने. थोड्याच दिवसांत त्यावर आपोआप पसरणारा किडा सुटला. दुरुस्ती लावणं हे पहिलं काम, पण दुसरा प्रश्न लगेच येतो: आपल्याकडे आधीच कुणी येऊन गेलंय का? त्याचा पुरावा रांगेतच सापडायची शक्यता. घेणाऱ्याच्या पत्त्यात डॉलर आणि महिरपी कंस. ही चिन्हं शोधनमुन्यात खास अर्थाची, त्यांना उलटी रेघ लावून गप्प बसवावं लागतं. तेव्हा रांगा चाळताना हे साधं व्याकरण किती मोलाचं असतं ते ज्यांनी केलं त्यांना ठाऊक.

आणि मग २०२३ चा नोव्हेंबर. एक्झिम ४.९७. या आवृत्तीत पत्राचा ओळखक्रमांकच बदलला. आधी तो सोळा जागांचा होता: सहा अक्षरं वेळेची, सहा प्रोसेस क्रमांकाची, दोन सेकंदाच्या अंशाची, मधे दोन आडव्या रेघा. आता मधला भाग अकरा अक्षरांचा आणि शेवटचा चार, एकूण तेवीस. हिशेब सोपा आहे. ६२ चिन्हांच्या पद्धतीत ३२ बिटांचा आकडा सहा अक्षरांत बसतो, ६४ बिटांच्या आकड्याला अकरा लागतात.

आतून बघितलं तर रास्त बदल. पण अठ्ठावीस वर्षं तो सोळा जागांचा साचा जगभरच्या स्क्रिप्टमध्ये कोरला गेला होता. लॉग वाचणारे, आलेख काढणारे, कचरा उपसणारे, सगळ्यांनी 'सहा, रेघ, सहा, रेघ, दोन' असंच लिहिलेलं. एक्झिमबरोबर येणारी अवजारं सांभाळणाऱ्यांनी आपापले नमुने बदलले. घराघरात कुणीतरी लिहून ठेवलेल्या आणि लिहिणारा नोकरी सोडून गेलेल्या स्क्रिप्टना कोण बदलणार? हेझलसाहेब २००७ मध्येच निवृत्त झालेत. तेव्हापासून एक्झिमचा गाडा स्वयंसेवकांचा छोटा गट ओढतोय. त्यांनी जुन्या आवृत्तीवर परत जावं लागलं तर रांगेतले नवे क्रमांक जुन्या साच्यात बसवून देणारं एक वेगळं अवजारही दिलंय.

एक्झिक्यूग्रेपच्या नव्या नमुन्यात मात्र दोन्ही साचे आहेत, जुना आणि नवा, शेजारी शेजारी. कारण ज्या क्षणी तुम्ही सर्व्हर नवा करता त्या क्षणी रांग रिकामी नसते. जुन्या शिक्क्याची पत्रं तिथे अजून उभी असतात, चार दिवसांची मुदत घेऊन. ती नव्या शोधातही सापडली पाहिजेत.

आजच्यापुरतं एवढंच. पुढच्या भागात क्रॉन घेऊ या, रोज रात्री ठरल्या वेळी काम करणारा. भेटू.